गाणे आपले, पण गायकाची बिदागी कोणाची?



दुबई सिलिकॉन ओएसिसमधून बाहेर पडून शेख मोहम्मद बिन झायद मार्गाला लागले की पुढचा पाऊण तास गाडीत गाण्यांचा असतो. आपल्यापैकी अनेक कुटुंबांचा हा परिपाठ आहे. एप्रिल महिना जवळ आला की त्या पाऊण तासात भीमगीतांखेरीज दुसरे काही वाजत नाही. मागच्या वर्षी अशाच एका प्रवासात मागच्या आसनावरून प्रश्न आला, "हे गाणं कोणी लिहिलंय?" प्रश्न विचारणारी मुलगी येथेच जन्मलेली, दुसरीत शिकणारी. आम्ही मोबाइलकडे पाहिले. चित्रफीत व्हॉट्सॲपवरून आलेली होती. तिच्यावर ज्याने ती पसरवली त्या कोणा मंडळाचे बोधचिन्ह होते, खाली शुभेच्छुकांची नावे होती, वर निळा ध्वज फडकत होता. कवीचे नाव नव्हते, संगीतकाराचे नव्हते, गाणाऱ्या बाईंचेही नव्हते. आम्हाला उत्तर देता आले नाही. ज्या गाण्यांवर आम्ही वाढलो, त्यांच्या कर्त्यांची नावे आम्हाला ठाऊक नाहीत, ही गोष्ट त्या दिवशी मनाला लागली. हा लेख त्या न दिलेल्या उत्तरातून लिहिला जात आहे.

आंबेडकरी गाणे आज कोठे उभे आहे, हे प्रथम पाहू. एके काळी जलसे गावोगाव फिरत. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी सभेच्या आधी लोकांची मने तयार केली. पुढे गायन पार्ट्या आल्या, कव्वालीचे सामने रात्र रात्र रंगले, मग ध्वनिफिती आल्या आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज घराघरांत पोहोचले. आता ध्वनिफितीचे दुकान राहिले नाही. गायक स्वतःच गातो, स्वतःच चित्रण करवून घेतो, स्वतःच ते यूट्यूबवर चढवतो आणि त्याच मोबाइलवर कार्यक्रमाची सुपारीही घेतो. ज्याला जग स्वतंत्र कलावंत म्हणते, तो आपल्या वस्तीत केव्हाच जन्माला आला आहे. आपण त्याला त्या नावाने ओळखत नाही, एवढेच.

कडूबाई खरात यांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. वडिलांकडून आलेली एकतारी, लहान वयात आलेले वैधव्य, पदरी मुले, छत्रपती संभाजीनगरच्या कडेला पत्र्याचे घर आणि दारोदार फिरून गायलेली बाबासाहेबांची गाणी. कोणीतरी मोबाइलवर त्यांचे गाणे टिपले आणि ते वाऱ्यासारखे पसरले. त्या आवाजामागे ना वाद्यवृंद होता, ना ध्वनिमुद्रणाची खोली. तरीही आम्ही ते गाणे येथे, चोविसाव्या मजल्यावरच्या खोलीत, रात्री दोन वाजता ऐकले आणि डोळे पुसले. परंतु एक प्रश्न आम्ही तेव्हा स्वतःला विचारला नाही. ते गाणे आमच्यापर्यंत ज्या असंख्य हातांतून आले, त्यांपैकी किती हातांनी त्या माउलीच्या ओंजळीत काही टाकले?

येथे आमच्या व्यवसायाचे थोडे ज्ञान उपयोगी पडावे म्हणून मांडतो. यूट्यूबवर लांबीच्या चित्रफितीला लागून दिसणाऱ्या जाहिरातींच्या उत्पन्नातील ५५ टक्के वाटा वाहिनीच्या मालकाला मिळतो. मात्र त्यासाठी त्या वाहिनीला किमान १,००० वर्गणीदार असावे लागतात आणि मागच्या १२ महिन्यांत लोकांनी तिच्यावर ४,००० तास घालवलेले असावे लागतात, किंवा ९० दिवसांत तिच्या छोट्या चित्रफिती १ कोटी वेळा पाहिल्या गेलेल्या असाव्या लागतात. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून वर्षभरात १,००० पेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला एक पैसाही मिळत नाही. आता असा विचार करा. एक गाणे कोणीतरी उतरवून घेतले आणि व्हॉट्सॲपच्या शंभर गटांत टाकले. दहा हजार लोकांनी ते ऐकले. गायिकेच्या वाहिनीवर त्याची नोंद शून्य. ना तिचे तास वाढले, ना वर्गणीदार, ना उत्पन्न. आपण ज्याला प्रसार म्हणतो, तो तिच्या हिशेबी कित्येकदा शुद्ध नुकसान असते.

याहून एक गोष्ट अधिक टोचणारी आहे. जाहिरातीची किंमत पाहणारा कोणत्या देशात बसला आहे यावर ठरते. श्रीमंत बाजारपेठेत जाहिरातदार अधिक बोली लावतो. म्हणजे परभणीच्या एका खेड्यातील तरुणाने गाणे पाहिले तर गायकाला जे मिळते, त्याहून दुबईत, लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत बसलेल्या आपल्यापैकी एकाने तेच गाणे त्याच्याच वाहिनीवर पाहिले तर सामान्यतः अधिक मिळते. खिशातून एक दिरहमही न काढता आपण त्या कलावंताला मदत करू शकतो. आणि नेमके आपणच, ज्यांच्याकडे वेगवान इंटरनेट आहे, मोठा दूरचित्रवाणी संच आहे, ते गाणे उतरवून घेतो, कापतो आणि पुढे ढकलतो.

कापण्यावरून वामनदादा आठवतात. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १५ ऑगस्ट १९२२ रोजी जन्मलेले वामनदादा कर्डक तरुणपणी मुंबईत आले तेव्हा निरक्षर होते. कोणी पत्र वाचायला दिले आणि ते वाचता आले नाही, याची खंत त्यांना इतकी झाली की एका मास्तरांकडून ते अक्षरे शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला लागले. ३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिले गाणे लिहिले आणि १५ मे २००४ रोजी निधन होईपर्यंत हजारो गाणी रचली. गीत, चाल आणि गायन या तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे असणारा हा आपला पहिल्या प्रतीचा स्वतंत्र कलावंत. १९९३ साली वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, हा समाजाने केलेला गौरव होता. पण आयुष्यभर ते गावोगाव फिरले ते लोक देतील त्या बिदागीवर. त्यांची गाणी इतरांनी गायली, ध्वनिफितींवर आली, आणि अनेकदा कवीच्या नावाची जागा रिकामी राहिली.

वामनदादा शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. संतकवींपासून चालत आलेली ही नाममुद्रेची रीत. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर ही त्या गाण्याच्या पोटातच कोरलेली मालकीची नोंद होती. कागद हरवला, ध्वनिफीत तुटली, गायक बदलला, तरी कर्त्याचे नाव गाण्याबरोबर चालत राहणार, अशी ती सोय. ती ध्वनिफितीच्या काळात कशीबशी टिकली. आपण मात्र स्टेटसवर लावण्यासाठी पहिल्या अर्ध्या मिनिटाचा तुकडा घेतो आणि शेवटचे कडवे टाकून देतो. म्हणजे ज्या कडव्यात वामन आहे, तेच कडवे आपल्या हातून गळते. हे कोणी हेतुपूर्वक केले नसेल. परंतु पुसले गेलेले नाव हेतू विचारत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याच घरातील ज्येष्ठांनी घेतलेला आहे. चळवळीचे गाणे ही विकायची वस्तू नव्हे. शाहिरांनी पोटाला चिमटा काढून गाणी गायली, त्यांच्या त्यागाला भाव लावता का? हा आक्षेप आदराने ऐकावा असाच आहे. त्या पिढीने खरोखरच काही न मागता दिले. परंतु त्याग हा देणाऱ्याने करायचा असतो. घेणाऱ्याने तो गृहीत धरायचा नसतो. आपल्यातील डॉक्टर समाजाच्या शिबिरात फुकट तपासतो ते आठवड्यातील एक दिवस, उरलेले सहा दिवस त्याला वेतन असते. गायकाचे सातही दिवस समाजाचेच असतात. मग त्याने कोणत्या दिवशी कमवावे?

याहून खोल उत्तर बाबासाहेबांच्याच कार्यात आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. वतनाविरुद्धचा त्यांचा मूळ आक्षेप काय होता? काम ठरलेले नाही, वेळ ठरलेली नाही, मोबदला ठरलेला नाही; रात्रंदिवस राबायचे आणि गावकरी देतील ते बलुते घ्यायचे. अशा व्यवस्थेत माणूस कष्ट करूनही याचक ठरतो, ही त्यातली खरी गुलामी. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. आता आपण आपल्या जयंतीकडे पाहू. गायकाला बोलावताना किती वाजता यायचे हे सांगतो, किती गाणी गायची हे सांगतो; किती देणार हे सांगत नाही. कार्यक्रमानंतर पाकिटात घालून "समजून घ्या दादा" म्हणतो. ठरलेला मोबदला न देता, देणाऱ्याच्या मर्जीवर ठेवलेले श्रम म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. वतन कायद्याने गेले. ते आपल्या मंडपात निळ्या पताकेखाली पुन्हा येऊन बसू नये.

हे आम्ही दुसऱ्यांना शिकवण्यासाठी लिहीत नाही. दोषी आम्हीच आहोत. काही वर्षांपूर्वी आमच्या चार-पाच कुटुंबांनी एका सदनिकेत जयंती केली आणि मराठवाड्यातील एका गायकाला व्हिडिओ कॉलवर गायला सांगितले. त्याने चाळीस मिनिटे गायले. पडद्यावर ढोलकीवाला दिसत होता, कोरसला दोन मुली होत्या. आम्ही टाळ्या वाजवल्या, जय भीमचा घोष केला, पडदा बंद केला आणि जेवायला बसलो. आठवड्याने त्याचा संदेश आला. मानधनाचा शब्दही त्यात नव्हता. ढोलकीवाल्याला आणि त्या मुलींना त्याने स्वतःच्या खिशातून दिले होते, तेवढे जमले तर पाहा, असे संकोचाने लिहिले होते. आमच्यातील एकालाही त्या संध्याकाळी हा विचार सुचला नव्हता. त्या रात्री केक, बिर्याणी आणि सजावट यांवर आम्ही जे खर्च केले, त्याच्या चौथ्या हिश्श्यात त्या चौघांचा सन्मान झाला असता. आम्ही पैसे पाठवले. पण उशिरा दिलेल्या पैशाने आधीचा संकोच धुऊन निघत नाही.

हा प्रश्न केवळ मराठी कलावंताचा नाही. तमिळनाडूतील अरिवू हा आपल्यासारखाच शिकलेला तरुण, अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाचा पदवीधर. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' या गायकसमूहातून तो पुढे आला. मार्च २०२१ मध्ये गायिका धी हिच्यासह त्याचे 'एन्जॉय एन्जामी' प्रसिद्ध झाले. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या आपल्या आजीच्या, वल्लियम्माळच्या, आठवणींतून त्याने ते शब्द उभे केले होते. गाणे कोट्यवधी लोकांनी पाहिले. आपल्या मुलांनी तमिळचा एक शब्द न कळता त्यावर ताल धरला. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका नामांकित संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्यातील सहगायिका दिसली आणि अरिवू दिसला नाही. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतल्यावर त्याच्यासाठी वेगळे मुखपृष्ठ निघाले. जुलै २०२२ मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात ते गाणे त्याच्याविना सादर झाले. आणि मार्च २०२४ मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी सांगून टाकले की तीन वर्षांत या गाण्यापोटी त्यांच्यापैकी कोणालाही काहीच उत्पन्न मिळालेले नाही. जगभर वाजलेल्या गाण्याची ही कथा, तर एकतारीवर गायलेल्या गाण्याचे काय होत असेल?

अरिवूने मात्र हार मानली नाही. त्याच वर्षी त्याने 'वल्लियम्मा पेरांडी', म्हणजे वल्लियम्माचा नातू, या नावाने स्वतःची गाणी आणली. आजीचे नाव त्याने संग्रहाच्या शीर्षकातच बसवले, कोणाला कापता येणार नाही अशा जागी. वामनदादांनी शेवटच्या कडव्यात जे केले, तेच या मुलाने पहिल्या पानावर केले, असे आम्हाला वाटते.

आपल्याकडेही नवे स्वर उमटत आहेत. जालंधरच्या गिन्नी माहीने पंजाबी पॉपमध्ये बाबासाहेबांना आणले आणि परदेशस्थ पंजाबी बांधवांनी तिला मंच दिला. मुंबईत कबीर शाक्य यांच्या 'धम्म विंग्ज'ने गिटार आणि ड्रम्सवर बुद्ध-भीमांचे विचार गायले. संभाजी भगतांच्या संकल्पनेतून आणि संगीतातून २०१२ साली रंगभूमीवर आलेले 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' लोकांनी तिकीट काढून पाहिले. यातून एक गोष्ट सिद्ध होते. आपला समाज कलेला मोल देत नाही, हे खरे नाही. मोल मागितले, ठरवले, जाहीर केले की तो देतो. अडचण आपल्या दानतीत नाही, आपल्या सवयीत आहे.

मग आपण काय करावे? पहिले काम फुकटचे आहे. गाणे पाठवायचे झाले तर चित्रफीत पाठवू नये, कलावंताच्या स्वतःच्या वाहिनीचा दुवा पाठवावा; आणि जयंतीच्या सभागृहात लावायचे झाले तर तेथूनच लावावे. दुसरे, प्रत्येक कार्यक्रमात गाणे सुरू होण्यापूर्वी निवेदकाने तीन नावे घ्यावीत: गीत कोणाचे, चाल कोणाची, स्वर कोणाचा. हे काम मुलांकडे द्यावे. ती नावे शोधताना मुले जेवढा इतिहास शिकतील, तेवढा आपल्या भाषणांतून शिकणार नाहीत.

तिसरे, बिदागी आधी ठरवावी, निम्मी आधी द्यावी, आणि साथीदारांचे मानधन वेगळे धरावे. येथे या देशाचे नियम लक्षात घेतले पाहिजेत. संयुक्त अरब अमिरातीत परवानगीशिवाय देणग्या गोळा करणे हा २०२१ च्या संघीय कायद्याने गुन्हा आहे; गटात "प्रत्येकी पन्नास दिरहम पाठवा" असे आवाहन करणे सद्भावनेने असले तरी धोक्याचे आहे. कलावंताला प्रत्यक्ष आणायचे असेल तर परवानाधारक आयोजकामार्फत आणावे, दुबईच्या अर्थव्यवस्था व पर्यटन विभागाची कार्यक्रमाची आणि कलावंताची परवानगी घ्यावी, रीतसर तिकीट लावावे. पर्यटक व्हिसावर बोलावून गायला लावणे म्हणजे आपल्या आनंदासाठी त्याला संकटात लोटणे. आणि तिकीट लावताना एक भान असावे. सोनापूर, अल कूझच्या कामगार वसाहतींत राहणारे आपले बांधव महिन्याकाठी घरी पैसे पाठवून जे उरते त्यात जगतात. त्यांच्यासाठी नाममात्र दर ठेवून तो फरक आपण, वातानुकूलित कार्यालयांत बसणाऱ्यांनी, आपल्या तिकिटात उचलावा. गायकाला न्याय देताना श्रोत्यांमध्ये नवी उतरंड निर्माण होता कामा नये.

चौथे काम आपल्या पेशाचे आहे. या ओएसिसमध्ये आणि जगभर आपल्यातील कितीतरी जण संगणक क्षेत्रात आहेत. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक मिळतो, तो घ्यावा लागतो. वाहिनीचे उत्पन्न सुरू करण्यासाठी काही अर्ज करावे लागतात. गीतकार आणि संगीतकारांनी १९६९ पासून कार्यरत असलेल्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासद व्हावे लागते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार ध्वनिमुद्रणात आलेल्या गाण्याच्या गीतकाराला आणि संगीतकाराला मानधनातील आपला समान हक्क कोणा कंपनीला लिहून देता येत नाही, असे बहुसंख्य कलावंतांना माहीतही नाही. ज्याला एकतारीच्या तारा जुळवता येतात त्याने हे इंग्रजी अर्ज भरत बसावे, अशी अपेक्षा का करावी? आपल्यापैकी एकेका कुटुंबाने एकेका कलावंताचे हे काम अंगावर घेतले, तर महिन्यातील दोन शनिवार पुरतील.

आणि या साऱ्याला घाई आहे. कायद्याने कर्त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादांच्या गाण्यांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. चाळीस वर्षे फार वाटतात. पण त्यांच्याबरोबर गायलेली माणसे आता थकली आहेत, कोणते गाणे कोणाचे हे तोंडी सांगू शकणारी पिढी दरवर्षी कमी होत आहे. हक्क शाबूत आणि नाव हरवलेले, अशी स्थिती आली तर तो हक्क कोणाच्या दारी नेऊन द्यायचा?

त्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही नंतर शोधले. तीन दूरध्वनी, दोन जुनी गीतपुस्तके आणि एका काकांची स्मरणशक्ती, एवढे लागले. मुलीला नाव सांगितले तेव्हा तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला: "मग त्यांना माहीत आहे का, आपण त्यांचं गाणं ऐकतो?" त्या रात्री आम्ही त्या गायिकेच्या वाहिनीवर जाऊन पूर्ण गाणे ऐकले, शेवटच्या कडव्यासह, आणि खाली दोन ओळी लिहिल्या: कोण ऐकते आहे, कोठून ऐकते आहे. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. एकच शब्द होता, जय भीम.

वाचकहो, येत्या जयंतीला एवढे करून पाहू या. ज्याचे गाणे, त्याचे नाव; आणि ज्याचा घाम, त्याचे दाम.

जय भीम. नमो बुद्धाय.